पोरीला पीसीओडी निघालं? पाळीचं बघताय तसं साखर, चरबी आणि बीपीचं पण बघा, कसं ते सांगते

मी नाशिकला एका लॅबमधे रक्त काढायचं काम करते, त्यामुळे ही माहिती डॉक्टरची नाही, सुई टोचणाऱ्या बाईची आहे, हे आधीच सांगून ठेवते. औषध कुठलं आणि किती ते तुमचे डॉक्टरच सांगणार. पण तपासणीला कधी यायचं, कसं यायचं, काय खाऊन यायचं आणि तो रिपोर्ट हातात आल्यावर कुठल्या आकड्याकडे बघायचं हे मात्र मी सांगू शकते, कारण रोज तेच चालू असतं.

आमच्याकडे कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासच्या मुली येतात, सिडको-सातपूरहून येतात, निफाड दिंडोरीहून आईबरोबर एसटीने येतात. वय पंधरा, सोळा, सतरा. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस, पिंपल्स, वजन वाढलंय. आणि घरच्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, पाळी कधी येणार. मग सोनोग्राफी झालेली असते, हार्मोन्सचं मोठं पॅकेज झालेलं असतं, आणि साधी साखर? ती कोणी केलेलीच नसते, "अहो ती अजून लहान आहे, तिला कशाला शुगर" असं म्हणतात. हा लेख त्यासाठीच.

आधी थोडं समजून घ्या की साखरेचा आणि पाळीचा संबंध काय

पीसीओडी म्हणा, पीसीओएस म्हणा, म्हणजे ओव्हरीचा (अंडाशयाचा) आणि हार्मोन्सचा बिघाड, दहातल्या एखादीला तरी असतं. यातल्या बऱ्याच मुलींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आत ओढून घ्यायला लावणारं हार्मोन, असतं भरपूर पण स्नायू आणि लिव्हर त्याचं ऐकत नाहीत. दार न उघडणाऱ्या घरापुढे आणखी आणखी माणसं पाठवावीत तसं शरीर मग अजून इन्सुलिन सोडत बसतं. गंमत अशी की ओव्हरी मात्र त्या जास्तीच्या इन्सुलिनचं व्यवस्थित ऐकते आणि पुरुषी हार्मोन जास्त बनवते, वर लिव्हरमधून येणारं एक प्रोटीन असतं जे हे हार्मोन बांधून ठेवतं, ते इन्सुलिन वाढलं की कमी होतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन, तेच ते पुरुषी हार्मोन, अजून वाढतं. त्यातून केस, पिंपल्स, अंडं वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टी बाहेरून बघताय त्यांच्या मागे बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

त्यात वयात येताना प्रत्येकच मुलीचं शरीर काही वर्षं इन्सुलिनला थोडं कमी दाद देतं, ते नॉर्मल आहे. त्यावर पीसीओडी, त्यावर घरात आजी-आजोबांना शुगर, त्यावर आपण भारतीय लोक ज्यांना कमी वजनात पण डायबेटीस होतो. सगळं एकावर एक. म्हणूनच या मुलींमधे पुढे टाइप टू डायबेटीस, चरबीचं प्रमाण बिघडणं, फॅटी लिव्हर, बीपी, झोपेत श्वास अडकणं हे सगळं इतर मुलींपेक्षा जास्त दिसतं. आणि बारीक मुलींनी खूश व्हायचं कारण नाही, जाडेपणाने हे सगळं वाढतं हे खरं पण बारीक पोरीलाही साखरेची गडबड असू शकते, म्हणून वजन कितीही असलं तरी तपासायचं असतं.

खरंच पीसीओडी आहे का?

हे विचारायचं कारण म्हणजे बऱ्याच मुलींना नुसत्या सोनोग्राफीवरून शिक्का बसतो. २०२३ साली पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स नव्याने आल्या, त्यात स्पष्ट सांगितलंय की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नका, कारण त्या वयात चांगल्या मुलींच्या ओव्हरीतही बारीक बारीक पाण्याच्या पिशव्या दिसतातच. एएमएच म्हणजे ओव्हरीतल्या अंड्यांचा अंदाज देणारं हार्मोन, त्याच्या टेस्टचंही तेच. किशोरवयात दोन्ही गोष्टी लागतात, पाळी अनियमित पाहिजे आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण पाहिजे, अंगावर जाड केस किंवा जास्त पिंपल्स किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन. एकच असेल तर "रिस्क आहे, लक्ष ठेवू" असं म्हणतात आणि लक्ष ठेवायचं, सोडून नाही द्यायचं.

अनियमित म्हणजे किती ते पण ठरलेलं आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष काहीही चालतं. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांच्या पुढे गेली तर अनियमित. तीन वर्षांनंतर २१ च्या आत किंवा ३५ च्या पुढे, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा. आणि पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवसांच्या वर खंड पडला तरी दाखवायचं. १५ वर्षांची झाली तरी पाळीच नाही, तरी दाखवायचं. कालनिर्णयवर गोल करा नाहीतर मोबाइलमधे अ‍ॅप ठेवा, पण तारखा घेऊन जा. डॉक्टरांपुढे आई म्हणते दोन महिने झाले, मुलगी म्हणते तीन, आणि मग तिथेच दोघींचं सुरू होतं.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी या हार्मोनच्या टेस्ट डॉक्टर लिहितात त्या दुसरा काही आजार नाही ना ते बघायला, त्या करून घ्या. मोठं "पीसीओडी पॅकेज" मात्र स्वतःच्या मनाने नका घेऊ. त्यात एलएच, एफएसएच ही पाळीची हार्मोन्स, फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीचं इन्सुलिन, एएमएच सगळं असतं आणि फॉर्म भरणाऱ्याला वाटतं की आता सगळं झालं. फास्टिंग इन्सुलिनचा आकडा रोजच्या उपचारात वापरा असं गाइडलाइन सांगत नाही, तो एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमधे पण बदलतो. तेवढ्या पैशात साखर, लिपिड (म्हणजे रक्तातली चरबी) आणि लिव्हर आरामात होतं. मी लॅबमधे काम करून हे सांगतेय म्हणजे बघा.

घरी बसून काय बघता येतं

मान बघा. मानेच्या मागे, काखेत, काळपट मखमलीसारखी जाड कातडी आली असेल तर ती मळ नाही. आया बिचाऱ्या डाळीचं पीठ लावून, दगडाने घासून मान सोलून काढतात, पोरगी रडते, आणि ते जात नाही कारण ते आतून आलेलं आहे, इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे. घासू नका, तपासा.

कंबर मोजा. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पोटात चरबी साठतेय. म्हणजे उंची १५६ सेंटीमीटर असेल तर कंबर ७८ च्या आत हवी. वजनकाट्यापेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण वजन म्हटलं की घरात लगेच तोंडं वाकडी होतात.

घोरते का? रात्री आठ-नऊ तास झोपून पण क्लासमधे डुलक्या लागतात का? हेही डॉक्टरांना सांगा, मुली स्वतःहून हे सांगत नाहीत, लाज वाटते.

आणि बीपी. सोळा वर्षांच्या मुलीचं बीपी कोण मोजतं? कोणीच नाही. पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, दंडाला बसेल अशा मापाचा पट्टा लावून मोजायचं, जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. १३ वर्षांच्या पुढे वरचं १२० च्या खाली आणि खालचं ८० च्या खाली हवं. वरचं १३० किंवा जास्त, नाहीतर खालचं ८० किंवा जास्त, असं वेगवेगळ्या दिवशी आलं तर ते हाय धरतात. वर्षातून एकदा तरी मोजायचं.

आता मुख्य, साखरेची टेस्ट

इथे जरा वेळ घालवणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

आपल्याकडे साखर म्हणजे फास्टिंग आणि पीपी. सकाळी उपाशी रक्त, मग घरी जाऊन पोहे किंवा पोळी-भाजी, मग दोन तासांनी परत. डायबेटीस असलेल्या आजोबांसाठी ठीक आहे, औषध चाललंय का ते कळतं. पण जिला डायबेटीस व्हायला लागलाय की नाही हे शोधायचंय तिच्यासाठी पीपीचा काही भरवसा नाही, कारण एक मुलगी दोन चमचे पोहे खाऊन येते आणि दुसरी मिसळ जिलेबी हाणून येते, दोघींचा आकडा कसा जुळवणार.

म्हणून या मुलींसाठी जी टेस्ट सगळ्यात खात्रीची धरतात ती म्हणजे ग्लुकोज पाजून केलेली, जीटीटी किंवा ओजीटीटी. हीच टेस्ट गरोदर बायकांना करतात म्हणून पोरगी बुजते, आई इकडेतिकडे बघते, "लोक काय म्हणतील". काही म्हणत नाहीत. आणि नुसतं फास्टिंग करून सोडू नका, फास्टिंग ९० च्या खाली आणि दोन तासांनी १६० असं असू शकतं, फास्टिंगवरच थांबलात तर सगळं चांगलं आहे म्हणून घरी जाल.

कसं यायचं ते नीट वाचा.

आधीचे तीन दिवस रोजच्यासारखं जेवायचं. भात, पोळी, भाकरी सगळं. टेस्ट आहे म्हणून भात बंद, पोळी बंद, नुसती काकडी, असं करू नका, त्याने उलट आकडा खोटा जास्त येऊ शकतो. ताप, जुलाब असेल तर पुढे ढकला. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा.

रात्री नऊ-साडेनऊला जेवण संपवायचं. त्यानंतर फक्त पाणी. आठ तास उपास तरी हवाच. सकाळचा चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, च्युइंगगम नाही. नाशिकच्या थंडीत डिसेंबरला सकाळी सात वाजता चहा न घेता बाहेर पडणं म्हणजे शिक्षा आहे हे मला माहिती आहे पण इलाज नाही, स्वेटर घाला. पंचवटीतून चालत येऊ नका, सायकलवर येऊ नका, रिक्षाने किंवा गाडीवर या, कारण व्यायाम झाला की साखर खाली जाते.

आल्यावर एकदा रक्त. मग ग्लुकोज, वजनाच्या किलोमागे पावणेदोन ग्रॅम आणि जास्तीत जास्त ७५ ग्रॅम, म्हणजे साधारण ४३ किलोच्या वर वजन असलेल्या मुलीला पूर्ण ७५. ग्लासभर पाण्यात. फार गोड लागतं. थोडं लिंबू पिळायला सांगितलं तर पिळून देतात. पाच मिनिटांत संपवायचं पण घटाघट एका दमात नाही, तसं केलं की मळमळतं. पिऊन उलटी झाली तर टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी परत, म्हणून सावकाश. प्यायला सुरुवात केली ती वेळ लिहून ठेवायला सांगा, दोन तास तिथपासून मोजायचे, ग्लास संपल्यापासून नाही.

मग दोन तास बसायचं. खरंच बसायचं. खाली जाऊन कॉलेज रोडवर चक्कर मारून येते, मैत्रिणीला भेटून येते, असं नाही. काही खायचं नाही, पाणी घोट घोट चालतं. पुस्तक आणा, चार्जर आणा. परत एकदा रक्त, आणि झालं. डबा बरोबर ठेवा, लगेच खा, कारण काही मुलींना नंतर गळून गेल्यासारखं होतं.

रविवारी या, म्हणजे सातच्या क्लासची बोंब नाही.

रिपोर्ट वाचताना

फास्टिंग १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटीसच्या हद्दीत. ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ काठावर, २०० किंवा वर डायबेटीस. एका रिपोर्टवरून शिक्का मारत नाहीत, तहान लागणं, सारखी लघवी असं काही नसेल तर परत करून पक्कं करतात. काठावर आलं तर घाबरून जाऊ नका, तिथून माणूस मागे येतो, विशेषतः या वयात. पण कागद फाइलला लावून विसरू पण नका.

एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी. ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ आणि वर डायबेटीस. उपाशी यावं लागत नाही म्हणून लोकांना आवडते. पण आपल्या मुलींमधे एक भानगड आहे, हिमोग्लोबिन. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटी जास्त दिसू शकते, आणि पाळी आली की पंधरा दिवस थांबत नाही अशा मुलींचं हिमोग्लोबिन ८-९ असतंच. म्हणून तिच्याबरोबर सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजायची टेस्ट) करा आणि दोन्ही कागद एकत्र दाखवा. जीटीटी जमतच नसेल तर फास्टिंग आणि एचबीएवनसी, पण पहिली पसंती जीटीटी. आणि आजोबांच्या ग्लुकोमीटरने बोट टोचून निदान होत नाही, ते मशीन घरच्या घरी लक्ष ठेवायला आहे.

लिपिड प्रोफाइल. हे वाचताना सगळ्यात मोठी फसगत होते. आमच्या रिपोर्टवर शेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांची असते, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) १५० पर्यंत नॉर्मल. पंधरा वर्षांच्या मुलीला ती लागू नाही. १० ते १९ वयात ट्रायग्लिसराइड ९० च्या खाली हवं, १३० आणि वर म्हणजे जास्त. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४५ च्या वर हवं, ४० च्या खाली कमी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० च्या खाली, १३० आणि वर जास्त. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या खाली. पीसीओडीत नेहमीचं चित्र म्हणजे ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली. रिपोर्टमधे ठळक अक्षरात काही नाही म्हणून "नॉर्मल आहे" म्हणत निघून जातात, १४० ट्रायग्लिसराइड घेऊन. लिपिडसाठी उपाशीच यायचंय, जीटीटीच्या पहिल्या रक्तातच होतं, वेगळी सुई नाही. आदल्या रात्री लग्नाचं जेवण जेवून मात्र येऊ नका.

लिव्हरचं एसजीपीटी. तिथेही तेच, कागदावर ३५-४० पर्यंत नॉर्मल, पण मुलींसाठी लिव्हरवाले बालरोगतज्ज्ञ २२ ही मर्यादा धरतात. एकदा २६ आलं म्हणून काही होत नाही, पण सारखं वर येत असेल, कंबर वाढलेली असेल, तर फॅटी लिव्हर बघायला पोटाची सोनोग्राफी सांगतात. बघा, पीसीओडीसाठी जी सोनोग्राफी सगळे करतात ती या वयात फार उपयोगाची नाही, आणि उपयोगाची असते ती कोणी करत नाही.

पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक रोडला सिव्हिल हॉस्पिटल आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत केलेत. रांग असते, सकाळी लवकर जा, उपाशी असाल तर आधीच सांगा.

खाण्याचं

इथे इंटरनेटवर इतका कचरा आहे की विचारू नका. पीसीओडीचा स्पेशल डाएट असं काही सिद्ध झालेलं नाही, एक डाएट दुसऱ्यापेक्षा भारी असंही नाही. जे वर्षानुवर्षं जमेल ते चांगलं. दूध बंद, गहू बंद, भात बंद, असं सोळा वर्षांच्या वाढत्या मुलीवर लादू नका, ती दोन आठवडे करेल आणि मग रात्री लपून चिवडा खाईल.

मला काय दिसतं सांगते. सकाळी चहा-बिस्किट, क्लासला जाताना काही नाही, दहा वाजता क्लासबाहेर वडापाव नाहीतर कोल्ड कॉफी, दुपारी दोन वाजता भूक मेलेली, संध्याकाळी मॅगी, रात्री दहाला पोटभर भात. यात पहिली गोष्ट सुधारायची ती प्यायची साखर. दिवसाला तीन चहा प्रत्येकी दोन चमचे साखर, एक कोल्ड कॉफी, उन्हाळ्यात उसाचा रस, कोल्ड्रिंक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरची साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अजून चांगलं, म्हणजे दिवसाला सहाएक चमचे. ती तर चहातच संपली. चहाची साखर दोनवरून एक, एकवरून अर्धा, महिनाभरात जिभेला सवय होते.

दुसरी, सकाळी पोटात प्रोटीन. मूग डाळीचं धिरडं, अंडं, मोडाची मटकी, दही, बेसनाचं पिठलं. आणि अहो मिसळ वाईट नाही! नाशकात राहून मिसळ सोडा म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार. मटकीची उसळ हे चांगलंच अन्न आहे, बिघडतं ते वरच्या तर्रीने, मूठभर फरसाणाने, तीन पावांनी आणि शेवटी जिलेबीने. उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, एक पाव, जिलेबी चौघींत एक.

नागली, ज्वारी, बाजरीची भाकरी हे आपल्याकडे पेठ सुरगाण्यात पिढ्यानपिढ्या खातात, गव्हाच्या पोळीच्या जागी एका वेळेला भाकरी झाली तर चांगलंच, पण भाकरी पण मोजूनच, "नागली आहे ना मग चार चालतात" असं नसतं. नागलीची बिस्किटं हा साखर-मैद्याचाच प्रकार आहे, वेष्टनामागे वाचा.

उपवास. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. श्रावण सोमवार, चतुर्थी, नवरात्र, मुली हौसेने धरतात आणि साबुदाणा वडा, बटाटा, चिक्की यावर दिवस काढतात. धरायचाच असेल तर भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, दही, ताक, फळ. आणि वजन कमी करायला उपवास हा विचार डोक्यातून काढा.

द्राक्षांचं विचारतात, नाशिकला विचारणारच, शेतातून पेटीच येते घरी. वाटीभर जेवणानंतर किंवा दाण्यांबरोबर खाल्ली तर बिघडत नाही. अख्खा घोस टीव्हीसमोर किंवा त्याचा रस, तो नको. बेदाणे मूठभर म्हणजे साखरच झाली.

हालचाल आणि झोप

या वयात रोज तासभर दम लागेल असं काहीतरी हवं आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना ताण देणारं, उठाबशा, पुशअप, वजन उचलणं. मुलीने वजन उचललं तर पुरुषासारखी दिसेल हा गैरसमज आहे, स्नायू वापरले की ते साखर ओढून घेतात, तिला तेच हवंय. तासभर एकदम नको, वीस-वीस मिनिटांचे तुकडे चालतात. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पळा, गोदाकाठाने चाला, रविवारी पांडवलेणी चढा. नसेल जमत तर घरात दोरीवरच्या उड्या, झुम्बा, ढोल पथकात जा, ढोल तासभर वाजवून बघा मग कळेल व्यायाम काय असतो.

आणि दहावी-बारावीत पीटीचा तास काढून गणित शिकवतात त्या शाळांबद्दल मी बोलत नाही, बोलले तर लांबेल. ज्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मधे कॉमनवेल्थ आणि एशियन गेम्समधून दहा हजार मीटरची पदकं घेऊन आली त्या जिल्ह्यात मुलींना मैदानावर कडेला बसवून ठेवतात.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळी आणि साखर दोन्हीत फरक पडू शकतो, म्हणजे ७० किलोच्या मुलीला साडेतीन-चार किलोपासूनच. काही नाही कमी झालं आणि नुसतं वाढणं थांबलं, तरी या वयात तो फायदाच आहे. व्यायामाने वजन न हलता पण इन्सुलिन सुधारतं, म्हणून काटा हलला नाही म्हणून सोडू नका.

झोप आठ ते दहा तास. रात्री दोनपर्यंत रील्स आणि सहाला क्लास, याने भूक वाढते, साखर बिघडते. मोबाइल हॉलमधे चार्जिंगला लावा, आई-बाबांचा पण.

गोळ्यांबद्दल दोनच गोष्टी

पाळीच्या गोळ्या दिल्या की पाळी येते, केस-पिंपल्स आटोक्यात येतात, गर्भाशयाच्या अस्तराला पण संरक्षण मिळतं, आणि त्याने पुढे मूल होत नाही हे खोटं आहे. पण त्याने साखरेचा प्रश्न सुटत नाही, ट्रायग्लिसराइड थोडं वाढूही शकतं, म्हणजे पाळी सुरळीत झाली म्हणून साखर-लिपिड तपासणं थांबवायचं नाही. घरात कोणाला रक्ताच्या गाठी झाल्या असतील किंवा मुलीला डोळ्यासमोर चमकून मायग्रेन होत असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. टेस्टोस्टेरॉनची टेस्ट गोळ्या चालू असताना करून उपयोग नाही, ती आधी.

मेटफॉर्मिन लिहून दिली की "आमच्या मुलीला डायबेटीसची गोळी का" म्हणून आया चिडतात. ती इन्सुलिनसाठीच आहे. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून कमी डोसपासून जेवणाबरोबर सुरू करून हळूहळू वाढवतात, तेवढ्यावरून स्वतःच बंद करू नका, फोन करून विचारा. बरेच महिने चालणार असेल तर बी१२ बघा, शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं.

घरात बोलताना

या मुलींमधे उदासपणा, काळजी, खाण्याचे विकार जास्त दिसतात, हेही गाइडलाइनमधे तपासायला सांगितलंय. आणि आपण काय करतो, पाहुण्यांसमोर "हिला जरा समजवा, किती खाते". माझ्यासमोर रक्त काढताना आई म्हणते "असंच राहिलं तर लग्न कसं होणार" आणि पोरगी छताकडे बघत बसते. कृपा करून नका. तिच्यासाठी वेगळं ताट नको, घरात बदल करायचा तर सगळ्यांचा, बाबांची पण कंबर मोजा एकदा. जेवून उलट्या काढणं, जेवणच टाळणं, सारखं रडणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, यातलं काही दिसलं तर ते डाएटच्या आधी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात.

कधी थांबायचं नाही

आवाज एकदम घोगरा झाला, काही महिन्यांत केस झपाट्याने वाढले, सारखी तहान आणि लघवी आणि वजन आपोआप उतरतंय, रक्तस्राव थांबतच नाही, चक्कर येते. यात रविवारची वाट बघू नका, लगेच दाखवा.

पुढच्या वेळी

सगळं नॉर्मल आलं तरी साखर परत एक ते तीन वर्षांनी, घरात डायबेटीस असेल, मान काळी असेल, वजन वाढत असेल तर दरवर्षी. बीपी दरवर्षी. लिपिड किती दिवसांनी ते पहिला रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील. एक फाइल करा, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, मोबाइलमधे फोटो पण ठेवा, कारण बारावीनंतर पोरगी पुण्याला जाते आणि फाइल नाशिकला कपाटात राहते. शक्यतो त्याच लॅबमधे करा म्हणजे आकडे जुळवता येतात. मे महिन्याची सुट्टी बरी पडते, फक्त आंब्याच्या दिवसांत आदल्या रात्री आमरसाच्या तीन वाट्या झाल्या असतील तर दोन दिवस थांबून या.